स्टार्टर मारू नका: वाड्यात पडून असलेली पॅकार्ड उठवायची कशी

नवीकोरी बॅटरी घेऊन जुन्या गाडीकडे निघाला असाल तर आधी ती बॅटरी परत रिक्षात ठेवा. घरात जुनी गाडी सापडली की प्रत्येकाचा पहिला उद्योग हाच, बॅटरी जोडायची आणि 'बघू तर खरं चालू होते का' म्हणून स्टार्टर मारायचा, आणि जे इंजिन नीट उठलं असतं त्याचा त्या दोन सेकंदात एखादा व्हॉल्व्ह वाकतो नाहीतर रिंग तुटते. सांगलीत गावभागात आमच्या मामांच्या वाड्यात १९३६ ची पॅकार्ड वन-ट्वेंटी आहे, ती उठवायला मला आणि मिरजेच्या एका मिस्त्री चाचांना सव्वा वर्ष लागलं, त्यातले पहिले तीन महिने इंजिन एक इंचभरसुद्धा फिरवलं नव्हतं. तुमच्याकडे वाड्यात, हळदीच्या गोडाऊनात नाहीतर मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी कुठली अमेरिकन गाडी असेल तर काय आधी आणि काय नंतर ते लिहितोय. कार्बोरेटर खोलता येत नसेल तरी चालेल, पण घाई असेल तर नका हात लावू.

आधी गाडी कुठली ते तरी नक्की करा. आपल्याकडे काळी, लांबडी, मोठ्या मडगार्डची कुठलीही गाडी म्हणजे 'ब्यूक', आणि ती हमखास 'राजेसाहेबांची'. दोन्ही खोटं असू शकतं. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशी संस्थानं जवळजवळ असल्यामुळं मोठ्या गाड्या या भागात आल्या हे खरं, पण जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढल्यावर अमेरिकन गाडी व्यापारी, वकील, डॉक्टर लोकांच्याही दारात आली. मामांच्या आजोबांची हळदीची अडत होती, त्यांनी ही मुंबईहून सेकंडहँड आणली होती, राजेबिजे कोणी नव्हते.

पॅकार्ड ओळखायची समोरून. रेडिएटरच्या वरच्या कडेला दोन्हीकडं खांदे पडलेले असतात, बैलाच्या मानेवरचं जू समोरून दिसतं ना तस्सं, आणि चाकाच्या टोपणावर मधोमध लाल षटकोन. हेडलाइट मडगार्डमधूनच वर आलेले असतील तर पिअर्स-ॲरो, ही बफेलोची कंपनी १९३८ मध्ये बंद पडली. पुढं धावणारा ग्रेहाउंड कुत्रा असेल तर लिंकन, म्हणजे १९२२ नंतरची असली तर फोर्डच्या मालकीच्या कंपनीची. कॅडिलॅक असली तर बॉनेट उघडून सिलिंडर मोजा, कारण जानेवारी १९३० मध्ये त्यांनी १६ सिलिंडरची गाडी काढली होती, ४५२ क्यूबिक इंच म्हणजे जवळजवळ साडेसात लिटरचं इंजिन, १९४० पर्यंत सगळ्या मिळून चार हजारांच्या थोड्या वर झाल्या. तसली निघाली तर माझं लिहिणं वाचत बसू नका, शेडला आधी दुसरं कुलूप लावा. ड्यूसेनबर्ग सापडायची आशा सोडूनच द्या, मॉडेल जे जेमतेम ४८० च्या आसपास बनल्या, आणि आपल्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी घेतलेली नारिंगी-काळी ड्यूसेनबर्ग एसजे आजही जगभर नावाजली जाते.

पॅकार्डला इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर गाडीचा नंबर, डीलरचं नाव आणि डिलिव्हरीची तारीख ठोकलेली असते. ती पट्टी पॉलिश पेपरने घासू नका. रॉकेलचा बोळा हलक्या हाताने फिरवा आणि टॉर्च तिरका धरून वाचा. मामांच्या पट्टीवर डीलरच्या जागी नुसता गंज आहे, तारखेतलं शेवटचं ३६ तेवढं निघालं, पण त्या दोन आकड्यांनी पुढचं सगळं काम सोपं केलं, कारण १९३५ च्या वन-ट्वेंटीला २५७ क्यूबिक इंचाचं ११० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं आणि १९३६ ला २८२ चं, १२० हॉर्सपॉवर, मग पार्ट मागवताना चूक होत नाही.

एक गोष्ट सांगून टाकतो नाहीतर नंतर कोणीतरी हिणवेल. वन-ट्वेंटी ही पॅकार्डची 'धाकटी' गाडी, मंदीत कंपनी तगावी म्हणून हजार डॉलरच्या आसपास किमतीत काढलेली, पहिल्याच वर्षी २५ हजारांच्या आसपास खपली, आणि अमेरिकेतला क्लासिक गाड्यांचा मोठा क्लब साध्या वन-ट्वेंटीला आपल्या फुल क्लासिकच्या पंगतीत बसवत नाही. असूंदे. हिला हायड्रॉलिक ब्रेक आहेत आणि पुढची चाकं सुटी-सुटी उसळतात, थोरल्या पॅकार्डला हायड्रॉलिक ब्रेक यायला १९३७ उजाडलं. रस्त्यावर चालवायला मला धाकटीच परवडली.

कागदाचं लवकर उरकतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्थितीतली, खासगी वापराची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, जुना नंबर आधीच असेल तर तो ठेवता येतो. रोजच्या वापराला किंवा भाड्याने लग्नात फिरवायला अशी गाडी चालत नाही. घरातले जुने आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या, विम्याचे कागद काहीही फेकू नका, आमचं आरसी बुक मामींच्या पोथ्यांच्या ट्रंकेत सापडलं.

आता गाडीकडे. दार उघडायच्या आधी बॉनेटवर काठीने दोनचार वेळा ठोका आणि पाच मिनिटं बाजूला थांबा. आमच्या मागच्या सीटच्या स्प्रिंगांत धामण होती. हसू नका, बत्तीस शिराळा आपल्याच जिल्ह्यात आहे, सर्पमित्राचा फोन नंबर पाना-स्क्रूड्रायव्हरच्या आधी जवळ ठेवा. मग उंदरांची घरटी काढा, एअर क्लीनर आणि सायलेन्सर दोन्हीकडं बघा. दाराच्या बिजागरीपाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, त्या काळातल्या बऱ्याच बॉड्यांत पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा असतो आणि वाळवीने पोखरलेला असला की दार उघडताच हातात येतं. दार खाली लोंबत असेल तर ते उघडूच नका, आधी खालून टेकू द्या.

आणि पूर. हा मुद्दा आपल्याकडेच निघतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, २०१९ ला कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, गावभागात पाणी कुठवर होतं ते अजून भिंतींवर दिसतं. गाडी त्यात बुडालेली असेल तर गंजापेक्षा मोठा शत्रू म्हणजे गाळ, आणि तो इंजिनात, गिअरबॉक्समध्ये, डिफरन्शियलमध्ये, ब्रेकच्या ड्रममध्ये सगळीकडं जातो. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून खालचा ड्रेन प्लग ढिला केला की आधी पाणी येतं. आम्ही प्लग दोन आटे सोडला तर पहिल्यांदा चहासारखं पाणी आलं, तांब्याभर, मग काहीच नाही, आणि मला वाटलं झालं, तर चाचांनी खिशातनं सायकलच्या स्पोकचा तुकडा काढून भोकात घातला आणि गोल फिरवला, मग काळ्या लोण्यासारखा गाळ लडी-लडीने खाली उतरायला लागला. 'पोरा, हे इंजिनात फिरलं असतं तर काय झालं असतं?' म्हणाले. मी काही बोललो नाही, कारण आदल्या दिवशी स्टार्टर मारायचा हट्ट माझाच होता.

म्हणून ऑइल पॅन काढायचाच. पूर लागलेला नसला तरी काढायचा. त्या काळच्या ऑइलमध्ये आजच्यासारखं मळ धुणारं डिटर्जंट नसायचं, सगळा मळ तळाला थरावर थर बसलेला असतो, त्यावर तुम्ही आजचं ऑइल ओतलंत की तो थर सुटतो, ऑइल पंपाची जाळी बुजवतो आणि बेअरिंगं कोरडी पडतात. पॅन डिझेलने धुवा, जाळी ब्रशने साफ करा, खालून बेअरिंगच्या टोप्या एक-दोन सोडून बघा. काही गाड्यांत सुटी बेअरिंग शेल मिळतात, काहींत मात्र रॉडमध्येच व्हाइट मेटल ओतलेलं असतं आणि ते तडकलं असेल तर परत भरून बोअर करून घ्यावं लागतं. हे काम करणारे आता थोडे राहिलेत, पण कुपवाड, मिरज एमआयडीसीत आणि कोल्हापूरकडं जुन्या ऑइल इंजिनांची बेअरिंगं भरलेली माणसं अजून आहेत, त्यांना गाडी म्हणून सांगू नका, नुसता रॉड नेऊन दाखवा, गाडीचं नाव काढलं की रेट डबल.

पान्यांबद्दल. या गाड्यांचे नट इंचातले आहेत, मिलिमीटरचे नाहीत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात, मग छिन्नी, मग शिव्या. इंची पान्यांचा एक सेट आणि सहा कोनी सॉकेट घ्याच. आणि चाकाचा नट सुटत नसेल तर पाइप लावून लटकायच्या आधी बघा, काही अमेरिकन गाड्यांत, क्रायस्लरच्या घरच्या गाड्यांत तर बहुधा, डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात.

इंजिन मोकळं करायची पद्धत अशी. सगळे प्लग काढा, वायरींना आधी डॉक्टरची पांढरी चिकटपट्टी लावून नंबर टाका. स्ट्रेट-एटचं, म्हणजे एका रांगेत आठ सिलिंडर असलेल्या इंजिनाचं, फायरिंग (ठिणगी पडायचा क्रम) १-६-२-५-८-३-७-४, पॅकार्डलाही आणि ब्यूकलाही, ते भिंतीवर खडूने लिहून ठेवा कारण तीन महिन्यांनी आठवणार नाही. पॅकार्डचं इंजिन फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्येच उभे असतात आणि प्लगच्या भोकातून नुसतं ऑइल ओतलं तर त्यातलं बरंच व्हॉल्व्हवर साचतं, पिस्टनवर जातच नाही, म्हणून सिरिंजला वाकडी नळी लावून सिलिंडरच्या बाजूला मारायचं. आम्ही ऑटो गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं वापरलं, पेटतं असतं, शेडमध्ये बिडी-उदबत्ती काही नको. दर दोन-तीन दिवसांनी थोडं-थोडं. ब्लॉकच्या बाजूची झाकणं काढलीत की १६ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि व्हॉल्व्हना खालून ढकलणारे टॅपेट समोर दिसतात, तिथंही फवारा, अडकलेला व्हॉल्व्ह तिथंच ओळखू येतो, तो वर राहिलेला असतो आणि त्याच्या नि खालच्या टॅपेटच्या मध्ये बोट जाईल एवढी फट असते. लाकडाच्या ठोकळ्याने हळूच खाली बसवायचा, हातोडा थेट नको.

पंधरा-वीस दिवसांनी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून बघा. मागं-पुढं, मागं-पुढं, एका बाजूला जोर करून नाही. नाही हललं तर परत ऑइल आणि परत घरी जा. आमचं हललं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते, पान्याच्या टोकाला चार बोटं एवढीच हालचाल, पण मामा जेवणाच्या ताटावरून उठून आले. एक अख्खा फेरा व्हायला अजून आठवडा गेला. हँडल वापरत असाल तर अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळवून पकडायची नाही, आणि खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडतं. याच भानगडीला कंटाळून कॅडिलॅकने १९१२ च्या गाडीला इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर बसवला.

करंटचं प्रकरण नीट समजून घ्या. युद्धाआधीच्या बहुतेक अमेरिकन गाड्या ६ व्होल्टच्या, आणि पॅकार्डमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, आपल्याला सवय आहे त्याच्या बरोब्बर उलटा. आमच्या आधी मामांनी दहा-बारा वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याला बोलावलं होतं, त्याने १२ व्होल्टची बॅटरी मायनस बॉडीला धरून लावली, पेट्रोलचा काटा मेला, होते नव्हते ते बल्ब गेले, आणि वर 'वायरिंगच खराब आहे' म्हणून पैसे घेऊन गेला. ६ व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो म्हणून केबल जाड पाहिजे, बाजारात मिळणारी आजच्या गाडीची बारीक केबल लावलीत तर स्टार्टर म्हाताऱ्यासारखा फिरणार आणि दोष बॅटरीला देणार. वेल्डिंगची केबल घ्या, टोकं नीट डाग देऊन. अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून काढा. मूळ वायरींचं कापडी कव्हर हात लावला की गळत असेल तर सगळं हार्नेस नवीन करा, त्यात काटकसर केलीत तर गाडी पेटेल. ब्यूकवाल्यांना एक जादा सूचना, १९३० नंतरच्या दशकातल्या बऱ्याच ब्यूकमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की स्टार्टर फिरतो, तेव्हा चावी चालू ठेवून पोरांना आत बसवू नका.

डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बारीक कानशीने साफ करा, गॅप साधारण १५ ते २० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि कंडेन्सर जुना असेल तर सरळ बदला. स्पार्क निळा आणि टणटणीत आला पाहिजे, पिवळा-मरतुकडा नको.

पेट्रोलच्या टाकीला सुरुवातीला जोडूच नका. तिच्यातल्या जुन्या पेट्रोलचं वॉर्निश झालेलं असतं, वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा. आम्ही भंगारातनं लुनाची टाकी आणली, धुतली, छताच्या वाशाला टांगली आणि रबरी नळीने सरळ कार्बोरेटरला दिली, मामी म्हणाल्या 'पेशंटला सलाइन लावलंय वाटतं.' आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर, बुचाचे फ्लोट आणि पंपाचा पडदा खातं, म्हणून पडदा आणि नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

रेडिएटर काढून गाळ धुवा, पण ब्लॉकमधला गाळ विसरू नका, बाजूचे कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकला ठोकलेली गोल पत्र्याची बुचं, काढून वाकड्या तारेने खरवडा. बऱ्याच फ्लॅटहेडमध्ये ब्लॉकच्या आत मागपर्यंत पाणी नेणारी एक पत्र्याची नळी असते, ती गंजून गेली की पुढची सिलिंडरं गार आणि मागची भाजतात, काटा मात्र सगळं ठीक दाखवतो. ती काढताना तुटते, धीर सोडू नका, पितळी पत्र्याची नवीन करता येते.

ब्रेक करायच्या आधी इंजिन चालू करायला हरकत नाही, पण गाडी हलवायला आहे. ड्रम काढलात की आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, पाण्याने ओली करून पुसा. व्हील सिलिंडरला आतनं खड्डे पडलेले असतात, ते लेथवर बोअर करून पितळी स्लीव्ह ठोकून घ्या, किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात लेथवाला शोधायला लागत नाही. रबरं अमेरिकेतून मागवली, कस्टम धरून महाग पडली, तिथं मात्र कंजूषी केली नाही. ब्रेक फ्लुइडच घाला, काही म्हातारे मिस्त्री एरंडेल नाहीतर साधं ऑइल ओततात, साध्या ऑइलने रबर फुगतं आणि ब्रेक लागून बसतात.

पहिल्यांदा चालू करायचा दिवस. शेडची दारं उघडी, चाकांना विटा, अग्निशामक हाताशी, वाळूची बादली. प्लग काढलेलेच ठेवून, इग्निशन बंद ठेवून, आता मात्र स्टार्टर मारा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत, पंधरा-वीस सेकंद आणि मग विश्रांती. काटा हललाच नाही तर थांबा, पुढं जाऊ नका, पंपात ऑइल भरा. हलला की प्लग लावा, चोक ओढा, इग्निशन द्या. पहिले तीन-चार वेळा कार्बोरेटरमधून शिंकेल. आमची सहाव्या वेळेला धरली, आधी तीन सिलिंडरवर, मग पाच, आणि मिनिटभराने आठही लागली तशी मिस्त्री, मामा, मी सगळे एकदम गप्प झालो, कारण स्ट्रेट-एट लागली की आवाजच येत नाही, पंख्याचा तेवढा वारा. निळा धूर सुरुवातीला येणारच. खालून जड ठकठक आली तर लगेच बंद करा, ते बेअरिंग. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं तर पाणी आत येतंय, हेड गॅस्केट बघा. दहा मिनिटांत बंद, ऑइल बदला, दुसऱ्या दिवशी परत.

टायर १६ इंची, ७.०० चे. हलक्या ट्रकचा त्या मापाचा टायर बसतो आणि स्वस्त आहे, पण स्टीअरिंग जड होतं आणि गाडी बैलगाडीसारखी उड्या मारते. जुने टायर कितीही चांगले दिसले तरी त्यावर फिरू नका.

पहिली चक्कर सकाळी सहाला, सांगलीहून हरिपूर, सपाट रस्ता आणि संगमावर वळवायला जागा. हायवे नको, खंबाटकी तर वर्षभर मनातसुद्धा आणू नका. एप्रिल-मेमध्ये उन्हात बंद पडली तर बहुधा पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते, ओलं फडकं पंपावर गुंडाळून पंधरा मिनिटं थांबा, शेजारी चहा प्या. घरी आल्यावर चारही ड्रमना हात लावून बघा, एखादा जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. हेडचे नट गार झाल्यावर परत एकदा आवळा, मधून बाहेर, एकदम नाही.

आणि गाडीखाली पत्र्याचा मोठा ट्रे ठेवा. कितीही गॅस्केट बदललीत तरी ठिपके पडतातच, आणि वाड्याच्या फरशीवर जिथं ते पडतात बरोब्बर तिथंच मामींना रांगोळी काढायची असते.